फोटोतल्या माणसाचं नाव काय?

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात सत्यशोधन समितीसोबत मी गेले होते. वस्तीतल्या तरुण पोराचा खून झाला होता. घरासमोर माणसं जमलेली, आत बायका, आणि भिंतीला टेकून बसलेली त्याची आई. केस सुटलेले, पदराचं भान नाही, रडून आवाज बसलेला. मी मोबाईल काढला आणि चार-पाच फोटो घेतले. त्यांना विचारलं नाही. जगाला हे कळलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. परतीच्या वाटेवर गाडीतूनच एक फोटो तीन ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी तो कुठल्या कुठे पोचला होता. कुणी खाली भलत्याच गावाचं नाव लिहिलं, कुणी स्वतःच्या संघटनेचा लोगो चिकटवला.

दोन महिन्यांनी कागदपत्रांच्या कामासाठी पुन्हा त्या घरी गेले. मावशींनी चहा दिला आणि मग शांतपणे म्हणाल्या, "माय, माझं लेकरू भिंतीवर हसतंय बघ. त्याचा फोटू कामून नाही घेतलीस? माझा तसला फोटू समद्या तालुक्यानं बघितला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बौद्ध, त्याही बौद्ध. हेतू वाईट नव्हता. पण हेच एखाद्या चॅनेलच्या कॅमेरामननं केलं असतं, तर त्याला जातीयवादी ठरवून मी लांबलचक पोस्ट लिहिली असती.

त्या दिवसापासून मी सुधारक ओलवे यांचे फोटो वेगळ्या नजरेनं बघू लागले. आज त्यांच्याबद्दल लिहिते आहे ती त्यांचं कौतुक करायला नाही. पद्मश्री मिळालेल्या माणसाला माझ्या कौतुकाची गरज नाही. छायाचित्रकार कशातून घडतो, हा प्रश्न आपल्या चळवळीचाही आहे, म्हणून लिहिते आहे. प्रत्येक भीमनगरात आज मोबाईल आहे, म्हणजे प्रत्येक भीमनगरात कॅमेरा आहे. पण छायाचित्रकार किती आहेत?

धावपळीच्या फोटोपासून सोबतीच्या फोटोपर्यंत

सुधारक ओलवे यांचा जन्म १९६६ सालचा, अकोल्याचा. १९८८ पासून ते वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागले. हे काम कसं असतं ते तालुक्याच्या वार्ताहरालाही माहीत आहे. सकाळी मोर्चा, दुपारी मंत्र्याचं उद्घाटन, संध्याकाळी अपघात. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं. एक फोटो मिळाला की पुढे पळायचं. फोटोतल्या माणसाशी बोलायला वेळ नसतो. ओळीत जागाही नसते, म्हणून फोटोखाली 'कामगार', 'महिला', 'ग्रामस्थ' एवढंच छापून येतं.

या धावपळीतून बाहेर पडून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ओलवे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वळले. शहराची घाण उचलणारे हे हजारो हात जवळपास सगळे दलितांचे. ओलवे त्यांच्यासोबत गल्लीबोळांत फिरले, गटाराच्या तोंडाशी उभे राहिले, कचऱ्याच्या गाड्यांमागे डम्पिंग ग्राउंडवर गेले. त्यानंतर त्यांनी एक गोष्ट केली जी रोजच्या वृत्तपत्राचा फोटोग्राफर करू शकत नाही. ते त्यांच्या घरी गेले. दारू का लागते, बाप मेल्यावर मुलाला त्याच कामावर का उभं राहावं लागतं, बायका हे सगळं कसं निभावतात, हे घरात बसल्यावरच कळतं. हे काम वर्षानुवर्षं चाललं. २००५ साली नॅशनल जिओग्राफिकच्या 'ऑल रोड्स' छायाचित्रण स्पर्धेतल्या चार विजेत्यांमध्ये त्यांचं नाव आलं. पुढे या फोटोंचं 'इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस' हे पुस्तक निघालं. २०१६ ला पद्मश्री मिळाली.

हे फोटो कृष्णधवल आहेत. मला त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रंगीत फोटोत घाण आधी दिसते, माणूस नंतर. रंग काढून घेतले की नजर चेहऱ्यावर जाते. गटारात छातीपर्यंत उतरलेला माणूस वर बघतो आहे, आणि आपल्याला आधी त्याचे डोळे दिसतात. हा माझा अर्थ आहे. पण मुलांना घेऊन हे फोटो मी जेव्हा जेव्हा बघितले, तेव्हा कुणी "शी" म्हटलं नाही. "हे काका कोण?" असं विचारलं.

प्रभाव कुणाचा?

कलेवर लिहिणाऱ्या लोकांना एक प्रश्न फार आवडतो : या छायाचित्रकारावर कुणाचा प्रभाव आहे? मग नावं येतात. कार्तिये-ब्रेसाँ, साल्गादो, रघु राय. ही मोठी माणसं आहेत, त्यांचं काम आपण बघितलंच पाहिजे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. प्रभाव काय फक्त गॅलरीतून आणि परदेशी पुस्तकातूनच पडतो?

आपल्या घरातलं पोर शाळेत जायच्या आधी दोन फोटो ओळखतं. एक तथागतांचा, एक बाबासाहेबांचा. बाबासाहेबांचा फोटो नीट बघा. अंगात सूट, टाय, खिशाला पेन, हातात पुस्तक. नजर समोर. कुठेही केविलवाणेपणा नाही, हात पसरलेला नाही. ज्या समाजाला फाटकं नेसायची सक्ती होती, त्या समाजाचा नेता कॅमेऱ्यासमोर असा उभा राहतो, तेव्हा तो फोटो म्हणजे राजकीय विधान असतं. अमेरिकेत गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसनेही हेच केलं होतं. एकोणिसाव्या शतकातला सर्वात जास्त फोटो काढला गेलेला अमेरिकन म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. व्यंगचित्रांतून काळ्या माणसाची टिंगल करणाऱ्या देशात तो गंभीर चेहऱ्यानं पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसला.

माझं म्हणणं असं की आंबेडकरी घरात वाढलेल्या माणसाचं छायाचित्रणाचं पहिलं शिक्षण त्या भिंतीवर होतं. माणूस फोटोत कसा दिसला पाहिजे, याचं मोजमाप तिथे ठरतं. सफाई कामगाराचा फोटो काढताना त्याला दयेचा विषय करायचं नाही, हे शहाणपण कुठल्या स्टुडिओत मिळत नाही.

आपल्याला 'नमुने' केलं गेलं

याच्या उलट परंपरा काय होती तेही बघू. १८६८ ते १८७५ दरम्यान इंग्रज सरकारनं भारतातल्या लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड छापले. त्यात जाती-जमातींची माणसं फुलपाखरं टाचणीनं टोचावीत तशी मांडली आहेत. बहुतेकांना नाव नाही, जात आहे.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ. राजवाडे, शिकारी, मेजवान्या यांचे त्यांच्या स्टुडिओनं काढलेले फोटो जगप्रसिद्ध आहेत. त्याच स्टुडिओनं १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबादला हाडाची काडं झालेल्या माणसांना ओळीत घेऊन फोटो काढला. त्या फोटोचं इंग्रजी शीर्षक मराठीत सांगायचं तर 'कृशतेचे नमुने'. विचार करा. उपाशी मरणारी, आपल्याच मातीतली माणसं. त्यांची नावं, गावं, जाती काहीच नाही. नमुने!

शंभरपेक्षा जास्त वर्षं लोटली, तरी नजर किती बदलली? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. देशभरातून फोटोग्राफर आले. भेगाळलेली जमीन, घागरींची रांग, पाण्याची रेल्वे. हे फोटो खोटे नव्हते. पण त्यातून असं वाटत होतं की दुष्काळ सगळ्यांना सारखाच लागतो. कुणाच्या विहिरीवर कोण जाऊ शकत नाही, टँकर आधी कुठल्या गल्लीत रिकामा होतो, बोअर कुणाच्या शेतात आहे आणि भूमिहीन कोण आहे, हे त्या रांगेच्या फोटोत दिसत नाही. ते बघायला रांग संपल्यावर घागरीमागे वस्तीपर्यंत चालत जावं लागतं. बहुतेक जण गेले नाहीत, त्यांची परतीची गाडी होती.

"कलाकाराला जात नसते"

इथे काही जण म्हणतील, छायाचित्रकाराची जात कशाला काढता? फोटो चांगला की वाईट एवढंच बघा. हा युक्तिवाद आपल्याला साहित्यातही ऐकायला मिळाला. दलित साहित्य आलं तेव्हा हेच म्हटलं गेलं. साधं उत्तर असं : ज्याला गावकुसाबाहेरचं घर माहीत नाही, त्याला कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवताना बऱ्याच गोष्टी दिसतच नाहीत. हा त्याच्या वृत्तीचा दोष असेलच असं नाही. तो जिथे उभा आहे त्या जागेचा दोष आहे.

पण मित्रहो, या उत्तरावर आपण खूश होऊन थांबतो, ही आपली चूक आहे. जन्मानं नजर मिळत असती, तर मी त्या मावशींचा तसा फोटो काढला नसता. जन्मानं फार तर दार उघडतं. आत गेल्यावर कसं वागायचं, किती वेळ बसायचं, परत कधी यायचं, हे शिकावं लागतं. ओलवे यांच्या वाटचालीत मला हेच दिसतं. ते घडले ते वेळ दिल्यामुळे. पाच मिनिटांच्या कामातून बाहेर पडून त्यांनी एकाच माणसांच्या समूहाला कित्येक वर्षं दिली.

अमेरिकेतल्या गॉर्डन पार्क्सचं उदाहरण घ्या. ओलवेंवर त्याचा प्रभाव आहे असा माझा दावा नाही, पण वाट सारखी आहे. १९१२ साली जन्मलेला हा काळा माणूस रेल्वेत वेटर होता. स्थलांतरित शेतमजुरांचे फोटो त्यानं एका मासिकात बघितले आणि गहाणवटीच्या दुकानातून कॅमेरा विकत घेतला. १९४२ मध्ये तो वॉशिंग्टनला आला. तिथे काळा म्हणून दुकानात, हॉटेलात त्याला हाकललं गेलं. तो चिडला. सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईंना त्यानं अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचं मॉप. तो फोटो जगभर गाजला. आपल्या भाषेत सांगायचं तर ती एक जोरदार घोषणा होती. पण पार्क्स तिथे थांबला नाही. तो त्यांच्या घरी गेला, नातवंडांमध्ये बसला, त्यांच्या चर्चमध्ये गेला. त्या फोटोंमुळे 'झाडूवाली' नाहीशी झाली आणि एला वॉटसन उरल्या. घोषणा एका दिवसात होते, माणूस समजायला वेळ लागतो.

दोन कठीण प्रश्न

पहिला प्रश्न आपल्याच कार्यकर्त्यांचा. गटारातल्या माणसाचे फोटो दाखवून आपण पुन्हा दलित म्हणजे घाण हेच समीकरण पक्कं करत नाही का? आपले डॉक्टर, प्राध्यापक, उद्योजक का नाही दाखवत? हा राग मला समजतो. पण हाताने मैला उचलायला बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ ला झाला, दुसरा २०१३ ला. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवली. म्हणजे माणसं अजून मरत आहेत हे न्यायालयालाही मान्य आहे. आपण हे झाकलं तर सोय आपली होत नाही, व्यवस्थेची होते. लाज गटारात उतरणाऱ्याला वाटायला नको, उतरवणाऱ्याला वाटायला हवी. मात्र फोटोतला माणूस नुसता गटारातच दिसला आणि घरी, लेकरांत, जयंतीच्या मिरवणुकीत कधीच दिसला नाही, तर आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे.

दुसरा प्रश्न : फोटोनं बदललं काय? खरं सांगायचं तर एकट्या फोटोनं काहीच बदलत नाही. मुंबईत २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून मिळाला, तो कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लांबलचक लढाईमुळे. फोटो संघटनेची जागा घेऊ शकत नाही. पण "असं काही होतच नाही" म्हणणाऱ्याचं तोंड बंद करायला आणि लढणाऱ्याची आठवण टिकवायला फोटो लागतो.

ओलवे यांनी पुढे जातीय अत्याचारात माणसं गमावलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांकडेही कॅमेरा नेला. हे काम मला सफाई कामगारांच्या कामाइतकंच मोठं वाटतं. खर्ड्याच्या नितीन आगेचा खून २०१४ चा. तेव्हा सगळे कॅमेरे आले होते. २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून सगळे आरोपी सुटले. त्यानंतर आई-बाप कसे जगतात, हे बघायला कोण जातं? बातमी संपते तिथून त्या घराचं खरं दुःख सुरू होतं.

आता आपल्या मोबाईलकडे

१ जून २०२३ रोजी नांदेडजवळ बोंढार हवेलीत अक्षय भालेरावचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता. त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी त्याचा फोटो डीपीला ठेवला. मीही ठेवला. नंतर काढला. आपल्यापैकी किती जण दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी त्या घरी गेलो?

मागे जाऊ. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे शहीद झाले. गौतम वाघमारेंनी १९९३ ला नांदेडमध्ये स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ही नावं आपण घोषणेत घेतो. पण जळालेली घरं, गाव सोडून निघालेली माणसं, तुरुंगात गेलेल्या आपल्या आया यांचे फोटो तुमच्या घरात आहेत का? माझ्या घरात एकही नाही. आजीनं सांगितलेलं तेवढं आहे, आणि आजी आता नाही. ज्यांच्याकडे दोन-चार फोटो आहेत, ते पत्र्याच्या पेटीत ओल लागून चिकटत आहेत.

आणखी एक बोचणारी गोष्ट. आपल्या मोबाईलमध्ये मातंग वस्ती किती आहे? मेहतर समाज, पारधी पाल किती आहे? पहाटे पाचला नांदेड-लातूरचे रस्ते झाडणाऱ्या बाईचं नाव आपल्याला माहीत आहे का? आपल्या घराकडे कुणी 'नमुना' म्हणून बघितलं की आपण चिडतो, आणि दुसऱ्याच्या वस्तीत जाऊन आपणही नमुनाच गोळा करतो. बौद्ध कार्यकर्त्याच्या कॅमेऱ्यातही उतरंड असू शकते. हे कबूल केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

म्हणून अत्याचाराच्या घटनेवर जाणाऱ्या पोरापोरींना मी आता काही गोष्टी सांगते. फोटो काढायच्या आधी बसा, पाणी प्या, विचारा. "नाही" म्हटलं तर मोबाईल खिशात. बलात्कारपीडितेची ओळख उघड होईल असा फोटो टाकणं हा गुन्हा आहे, "न्यायासाठी टाकला" ही सबब चालत नाही. घटनास्थळाचा, जखमांचा फोटो पुरावा म्हणून काढला असेल तर मूळ फाईल पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाईल दाबून लहान केलेली असते आणि तारीख-वेळेची आतली नोंद निघून गेलेली असते. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, म्हणून कुणी, केव्हा, कुठल्या फोनवर काढला ते वहीत लिहा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ मध्ये कारवाईचं व्हिडिओ चित्रीकरण करायची तरतूद आहे, ते मागा. प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव, गाव आणि तारीख लिहा, अर्थात त्याची हरकत नसेल तर. आणि पुढच्या भेटीत फोटोची एक प्रत त्या घरी नेऊन द्या. ज्याचा फोटो त्याच्याच घरी नाही, तो फोटो आपण चोरलेला आहे असं मी समजते.

शेवटची सूचना भांडणाची आहे, माहीत आहे. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर आपण जे पैसे घालवतो, त्यात एक स्कॅनर आणि दोन हार्डडिस्क येतात. एका वर्षी एका विहारानं हे करून बघावं. नामांतरात लढलेल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवा, पेटीतले फोटो स्कॅन करा, कोण कोण आहे ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. दहा वर्षांनी सांगणारं कुणी उरणार नाही.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, कारण आपलं म्हणणं छापायला दुसऱ्यांचं वर्तमानपत्र मिळत नव्हतं. आज आपल्या हातात छापखानाही आहे आणि कॅमेराही.

त्या मावशींकडे मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा कॅमेरा नेला नव्हता. चौथ्यांदा त्याच म्हणाल्या, "आज काढ." नवी साडी नेसल्या, भिंतीवरची लेकाची फ्रेम उतरवून मांडीवर घेतली आणि थेट माझ्याकडे बघत बसल्या. तो फोटो मी कुठेही टाकलेला नाही. त्याची प्रत त्यांच्या घरी आहे, लेकाच्या फोटोशेजारी.

जय भीम!